भिगवणला मासे खायला जाताय? चांगले हॉटेल कसे ओळखावे

पुणे-सोलापूर महामार्गावर कुरकुंभ मागे पडले की पाट्या सुरू होतात. 'ताजे मासे', 'भिगवण स्पेशल फिश', 'चुलीवरची भाकरी'. रावणगाव, स्वामी चिंचोली ओलांडून भिगवणला पोहोचेपर्यंत या पाट्यांची इतकी गर्दी होते की गाडी नेमकी कुठे थांबवावी हेच कळत नाही. प्रत्येक पाटीवर मोठा मासा रंगवलेला असतो आणि प्रत्येक ठिकाणी 'ताजे' लिहिलेले असते. त्यामुळे दौंड, शिरूर, बारामती किंवा पुण्याहून मुद्दाम मासे खायला आलेला माणूस बहुधा जिथे जास्त गाड्या दिसतात तिथे वळतो. कधी जेवण फक्कड मिळते, तर कधी रव्यात घोळलेला जुना मासा आणि फुगलेले बिल वाट्याला येते.

हॉटेलांची नावे आणि मालक बदलत राहतात, आचारी तर त्याहून लवकर बदलतात. म्हणून या लेखात नावांची यादी न देता चांगले हॉटेल ओळखण्याची रीत दिली आहे. ती भिगवणला लागू पडते, तशीच कोणत्याही धरणाकाठच्या गावाला लागू पडते.

थोडक्यात

- मेन्यू कार्ड बघण्याआधी 'आज सकाळी कोणता मासा आला?' हे विचारा.
- मासा कापण्यापूर्वी अख्खा बघायला मागा. चांगले हॉटेल नाही म्हणत नाही.
- भिगवणला आलात तर गोड्या पाण्यातला मासा खा. सुरमई-पापलेट इथे बर्फात बसून येते.
- दर किलोवर आहे की प्लेटवर, हे ऑर्डर देण्याआधी ठरवून घ्या.
- थाई मांगूर आणि बोटाएवढी पिल्ले मागू नका, दिली तरी घेऊ नका.

समुद्र नसताना हे मासळीचे गाव कसे झाले?

भिगवण इंदापूर तालुक्यात, दौंड तालुक्याच्या सीमेला लागून आहे. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर बांधलेले उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी मागे पसरत दौंड, इंदापूर, कर्जत, करमाळा या तालुक्यांच्या काठांपर्यंत आले. भीमेकाठची अनेक गावे आणि शेते पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिरही त्याच पाण्यात गेले. पाणी खूप ओसरले की ते आजही उघडे पडते.

नदीचे तळे झाले आणि मासेमारीचा व्यवसाय वाढला. पिढ्यान्‌पिढ्या भीमेत जाळे टाकणाऱ्या भोई समाजाला मोठे पाणी मिळाले. भिगवणला महामार्ग होता, दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन होते आणि मागेच जलाशय होता. माल बाहेर पाठवायला ही जागा सोयीची ठरली. इंदापूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या भिगवण उपबाजारात माशांचा लिलाव होतो. कांद्या-टोमॅटोसारखी मासळीचीही बोली लागते आणि इथला मासा दूरच्या शहरांत जातो.

उजनीची एक गोष्ट समजून घेतली तर इथे बहुतेक वर्षभर मासा का मिळतो हे कळते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातला सुमारे ६३ टीएमसी हा अचल साठा, म्हणजे दरवाज्यांच्या पातळीखाली राहणारे पाणी. उन्हाळ्यात 'उजनी शून्य टक्क्यावर' अशी बातमी येते तेव्हाही धरणात एवढे पाणी असते. मासे त्या पाण्यात राहतात. फरक इतकाच की भिगवण जलाशयाच्या वरच्या टोकाला असल्याने पाणी इथून आधी मागे सरते आणि होड्यांना लांब जावे लागते.

कोणता मासा मागावा?

कोकणात वाढलेल्या माणसाला इथली नावे अनोळखी वाटतात आणि घाटावरच्या माणसाला काट्यांची भीती वाटते. म्हणून आधी मासे समजून घेऊ.

चिलापी: इथला रोजचा, स्वस्त आणि सहज मिळणारा मासा. याचेच पुस्तकी नाव तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेतला. भारतात तो १९५२ मध्ये आणला गेला आणि जिथे गेला तिथे झपाट्याने वाढला. मधला काटा आणि फासळ्या सोडल्या तर मांसात बारीक काटे नसतात. मुलांना आणि पहिल्यांदा गोड्या पाण्यातला मासा खाणाऱ्यांना हा सोपा. अख्खा तळून छान लागतो.

रहू, कटला, मृगल: मोठे, मांसल आणि चवीचे. पण यांच्या मांसात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे सुटे काटे असतात. हे रश्श्यात चांगले लागतात, पण सावकाश खावे लागतात. मासा मोठा असेल तर काटेही मोठे असतात आणि लगेच हाताला लागतात. म्हणून या जातींत दोन-तीन किलोच्या माशाचे तुकडे मागावेत, लहान मासा टाळावा.

मरळ: मांस घट्ट आणि काटे कमी, म्हणून दर जास्त. मरळ हवेतला प्राणवायू घेऊ शकते. त्यामुळे ती टबात, अगदी थोड्या पाण्यातही, बराच वेळ जिवंत राहते. मरळ जिवंत दाखवली तर ती ताजी, हे उघडच आहे. पण त्यावरून शेजारच्या ट्रेमधला रहूही आजचाच आहे असे समजू नका.

वाम: लांब, सापासारखी दिसते म्हणून काहीजण बघूनच नको म्हणतात. मधला काटा काढला की उरते ते सगळे मांस. रश्श्यासाठी अनेक जाणकार हीच मागतात.

शिंगटा: मिशावाला, बिनखवल्यांचा मासा. काटे कमी आणि मांस मऊ. तळण्यापेक्षा कालवणात बरा.

ऑर्डर देताना साधा हिशोब ठेवा: तळायला चिलापी, रश्श्याला रहू-कटला किंवा वाम, आणि खिसा परवानगी देत असेल तर मरळ.

सुरमई-पापलेट का टाळावे?

मेन्यू कार्डावर सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी असे सगळे छापलेले असते, कारण गिऱ्हाईक मागते. पण हा मासा सह्याद्री ओलांडून बर्फात येतो. बर्फातला मासा वाईटच असतो असे नाही. पुण्यातही तो तसाच येतो. मात्र पाण्याच्या काठावर बसून लांबून आलेला मासा जास्त दराने खाण्यात काही हशील नाही.

इथे तारखांचीही आठवण ठेवावी. १ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत एखादे हॉटेल 'आजच आलेली ताजी सुरमई' म्हणत असेल तर ती बहुधा शीतगृहातून आलेली असते.

हॉटेल कसे निवडावे?

पहिली खूण, छोटा मेन्यू. ज्या हॉटेलात मासा सकाळच्या बाजारातून येतो तिथे रोज सगळ्या जाती नसतात. 'आज वाम नाही आली, चिलापी आणि कटला आहे' असे सांगणारा माणूस विश्वासाचा. बारा महिने, चोवीस तास, वीस प्रकारचे मासे देणाऱ्या हॉटेलचा मोठा भरवसा त्याच्या फ्रीजरवर असतो.

दुसरी खूण, प्रश्नाला मिळणारे उत्तर. आत गेल्यावर गल्ल्यावरच्या माणसाला सरळ विचारा, 'दादा, आज सकाळी काय आलंय? बघायला मिळेल का?' चांगल्या हॉटेलात तुम्हाला मागच्या बाजूला नेतात किंवा ट्रे बाहेर आणून दाखवतात. 'सगळं ताजंच आहे, बसा तुम्ही' हे उत्तर नव्हे. मासा आधीच मसाला लावून ठेवलेला असेल तर तो किती तासांपूर्वीचा हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरी खूण, वार. हे आपल्याकडचे खास गणित आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थीला अनेक घरांत मांसाहार होत नाही. बुधवार, शुक्रवार आणि रविवारी मासा जास्त खपतो, म्हणून त्या दिवशी माल थांबून राहत नाही. सोमवारी हॉटेल रिकामे असेल तर रविवारचा उरलेला मासा समोर येण्याची शक्यता वाढते. श्रावणात खप आणखी कमी. त्या काळात गेलात तर मासा बघितल्याशिवाय ऑर्डर देऊच नका.

चौथी खूण, वेळ. लिलाव सकाळी होतो, मग मासा हॉटेलात येतो आणि साफ होतो. म्हणून दुपारचे जेवण सगळ्यात चांगले. रविवारी दीडनंतर गर्दीमुळे स्वयंपाकघराची धांदल उडते आणि मासा एकतर कच्चा राहतो किंवा करपतो. साडेबारापर्यंत पोहोचलात तर निवड करता येते आणि बोलायला कोणाला तरी वेळही असतो.

पाचवी खूण, कोण जेवतेय. बाहेरच्या पुणे पासिंगच्या गाड्या फारसे काही सांगत नाहीत. तेही तुमच्यासारखे पाटी बघूनच थांबलेले असतात. आसपासच्या गावचे लोक, बाजारातले व्यापारी, रोजचे टेम्पोवाले जिथे बसतात ते हॉटेल बघा. पेट्रोल पंपावर किंवा टपरीवर चहा घेताना विचारावे, 'काका, तुम्ही घरच्यांना घेऊन मासे खायला कुठे जाता?' 'चांगलं हॉटेल कुठलं' असे विचारले तर ओळखीच्याचे नाव मिळते. घरच्यांना घेऊन कुठे जाता असे विचारले की उत्तर बहुधा खरे येते.

सहावी खूण, परवाना. प्रत्येक हॉटेलाला अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक दर्शनी भागात लावावा लागतो आणि १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. क्रमांक आहे म्हणून चव चांगली असेल असे नाही. पण पोट बिघडले तर तक्रार कोणाबद्दल करायची हे त्यावरून ठरते.

इंटरनेटवरचे तारे बघायचे असतील तर एकूण सरासरी बघण्यापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतले अभिप्राय वाचा आणि लोकांनी टाकलेले ताटांचे फोटो बघा. अभिप्रायात माशाचे नाव असेल तर लिहिणाऱ्याने खरोखर जेवून लिहिले असण्याची शक्यता जास्त.

मासा ताजा आहे हे कसे ओळखावे?

- डोळे फुगीर आणि स्वच्छ असावेत. आत गेलेले, दुधाळ डोळे म्हणजे मासा शिळा.
- कल्ले उचलून बघा. लालभडक किंवा गुलाबी हवेत. तपकिरी, चिकट कल्ले नकोत.
- बोटाने दाबल्यावर मांस परत वर यायला हवे. खड्डा तसाच राहिला तर मासा सोडून द्या.
- खवले अंगाला घट्ट चिकटलेले असावेत.
- वास पाण्याचा, शेवाळाचा असतो. आंबूस किंवा अमोनियासारखा उग्र वास येता कामा नये.

गोड्या पाण्यातल्या माशाला कधी कधी चिखलासारखा वास येतो. तो शिळेपणाचा नसतो. पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ आणि काही जिवाणू जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो याच पदार्थाचा. माशाच्या कातडीत आणि चरबीत तो साठतो. आंबट पदार्थांनी तो बराच कमी होतो. म्हणूनच मासा कापल्यावर मीठ-हळद आणि लिंबू चोळून ठेवतात किंवा रश्श्यात चिंचेचा कोळ घालतात. ज्या हॉटेलात हा वास अजिबात येत नाही तिथे मासा धुण्याकडे लक्ष आहे असे समजावे.

बिलावरून वाद का होतात?

बहुतेक वाद वजनावरून होतात. काही ठिकाणी दर प्लेटचा असतो, काही ठिकाणी किलोचा. किलोचा असेल तर दोन गोष्टी आधीच विचाराव्यात. पहिली, वजन साफ करण्याआधीचे की नंतरचे? डोके, खवले आणि पोटातला भाग गेल्यावर मासा बराच हलका होतो. दुसरी, करणावळ, म्हणजे तळण्याचे किंवा रस्सा करण्याचे पैसे, दरात धरले आहेत की वेगळे? वजन समोर करून घ्या आणि एकूण आकडा तोंडी ठरवून घ्या. मरळ आणि वाम यांच्या बाबतीत तर नक्कीच.

थाळी घेत असाल तर तिच्यात काय काय येते आणि रस्सा पुन्हा मिळतो का, हे विचारावे. घाटावरच्या या जेवणाची मजा भाकरी, तळलेला तुकडा आणि कांदा-लसूण मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात आहे. भाकरी गरम येत असेल आणि रस्सा पातळ असूनही चवीला भरीव असेल तर सजावटीकडे बघू नका.

पाण्याचे काय?

हा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून चालत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून येते. ही नदी दौंड-शिरूरच्या सीमेवर भीमेला मिळते आणि ते पाणी दौंडवरून उजनीत जाते. जलाशयात हिरवट तवंग दिसतो त्यामागे सांडपाण्यातून येणारे नत्र आणि स्फुरद हे मोठे कारण आहे. म्हणजे पुण्याहून ताजा मासा खायला येणारा माणूस आपल्याच शहराने सोडलेल्या पाण्याच्या काठावर जेवतो.

मग मासा खावा की नाही? अधूनमधून बाहेर जेवणाऱ्याने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. मासा पूर्ण शिजलेला हवा, मधला भाग पारदर्शक राहता कामा नये. पोटातले अवयव खाऊ नयेत. खूप मोठ्या, दुसरे मासे खाऊन जगणाऱ्या माशांच्या अंगात पाऱ्यासारखे जड धातू जास्त साठू शकतात. म्हणून गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी असे मोठे मासे वारंवार खाणे टाळावे. आणि पिण्याचे पाणी बंद बाटलीचे किंवा शुद्ध केलेलेच घ्यावे.

तुमच्या ताटामुळे तळ्याला काय होते?

दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली थाई मांगूर. हा आफ्रिकी मासा घाण पाण्यातही वेगाने वाढतो, मिळेल ते खातो आणि देशी माशांची पिल्लेही गट्ट करतो. देशात त्याच्या पैदाशीवर आणि विक्रीवर २००० पासून बंदी आहे. तरीही तो चोरून पाळला जातो आणि स्वस्त असल्याने 'शिंगटा' किंवा नुसते 'मांगूर' म्हणून ताटात येऊ शकतो. स्वस्तात मिळणारा बिनकाट्याचा, बिनखवल्यांचा मासा समोर आला तर जात विचारा.

दुसरी गोष्ट लहान पिल्ले. चिलापी तळ्यात स्वतःच वाढते. रहू, कटला, मृगल यांना मात्र अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते. साठलेल्या पाण्यात त्यांची पैदास पुरेशी होत नाही, म्हणून त्यांचे मत्स्यबीज जलाशयात सोडावे लागते. बारीक आसाच्या जाळ्यांनी ही पिल्ले मोठी होण्याआधीच उपसली तर पुढच्या वर्षी मोठा मासा येणार कुठून? वर्षभराने किलोभर झाला असता तो मासा आज मूठभर तळणीत संपतो. नुकसान सगळ्यात आधी रोज जाळे टाकणाऱ्या मच्छीमाराचे होते. गिऱ्हाईकाने पिल्ले नाकारली तर हॉटेलवाला ती घेत नाही, एवढी ताकद आपल्याकडे आहे.

शिरूर-दौंडहून कसे आणि कधी जावे?

दौंडहून कुरकुंभमार्गे महामार्गाला लागावे किंवा सोलापूरच्या दिशेने जाणाऱ्या आणि भिगवणला थांबणाऱ्या गाडीने यावे. शिरूरहून न्हावरा-चौफुला रस्त्याने महामार्ग गाठता येतो, पुढे पाटस, कुरकुंभ आणि मग भिगवण. पुण्याहून अंतर साधारण शंभर किलोमीटर आहे. शिरूरकरांना जवळचे मोठे पाणी म्हणजे चिंचणीचे घोड धरण. तिकडच्या मासळीलाही वर सांगितलेल्या सगळ्या खुणा जशाच्या तशा लागू पडतात.

हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत कुंभारगाव, डिकसळ परिसरात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो बघायला लोक येतात. पहाटे होडीतून पक्षी बघावेत आणि दुपारी जेवावे, असा बेत सोयीचा पडतो. पक्षी दाखवणारे नावाडी बहुतेक मच्छीमार कुटुंबांतलेच असतात. काहींच्या घरी आधी सांगून ठेवले तर जेवणाची सोय होते. आदल्या दिवशी फोन करून माणसे किती आणि मासा कोणता हे सांगावे लागते, कारण ते तेवढाच मासा ठेवतात. पाटी नसलेले, सहा माणसांपुरते असे जेवण अनेकदा महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलपेक्षा सरस निघते.

पुढच्या वेळी महामार्गावर गाडी हळू कराल तेव्हा पाटीवरचा रंगवलेला मासा बाजूला ठेवा. आत जा, आज काय आलेय ते विचारा, कल्ले उघडून बघा. उत्तर पटले नाही तर नमस्कार करून बाहेर पडा. पुढचे हॉटेल शंभर पावलांवर असते.